साडी वाईट नाही, नाव खोटं आहे

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. बातमीत ३०० शब्दांच्या वर जागा मिळत नाही म्हणून इथं लिहितोय.

मागच्या वर्षी भाचीचं लग्न झालं. आमच्याकडं मामाचा आहेर म्हणजे पैठणी, त्यात तडजोड नाही. मी आणि बायको शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो (नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका). गादीवर बसवलं, थंड पाणी, चहा. भरगच्च पदर, बांगडी मोर, अंगभर बुट्टी, डाळिंबी रंग. "ओरिजनल पैठणची आहे साहेब, हातमागाची. तुमच्यासाठी १४,५००." थोडी घासाघीस करून १४ हजारात घेतली. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. मी पण कॉलर ताठ करून फिरलो.

यंदा एका बातमीसाठी पैठणला गेलो होतो. एका विणकर ताईंच्या मागाशेजारी बसून बोलत होतो. बोलता बोलता मोबाईलमधले लग्नाचे फोटो दाखवले, कौतुकानंच. एका फोटोत वाऱ्यानं भाचीचा पदर उलटला होता. ताईंनी तोच फोटो बोटांनी मोठा केला, पाच-सात सेकंद बघितला आणि मोबाईल परत दिला.

"साडी वाईट नाही दादा," त्या म्हणाल्या. "नाव खोटं आहे तिचं."

घरी येऊन बिल शोधलं. बिलावर 'पैठणी' हा शब्दच नाही. 'फॅन्सी साडी, १ नग'. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं, समोर जे दाखवतात त्याच्या मागं काय आहे ते बघा. वीस वर्षं बातम्या उलटून पाहिल्या, साडीचा पदर उलटून बघायचं नाही सुचलं.

त्या दिवसापासून नकली माल या विषयाच्या मागं लागलोय. आणि गंमत अशी की या विषयाचा इतिहास शोधायला दिल्ली-मुंबईला जायची गरज नाही. आपल्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर एक गोष्ट आहे, पन्नास किलोमीटरवर दुसरी आणि ऐन शहरात तिसरी.

पहिली गोष्ट दौलताबादची.

मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये देवगिरीचं दौलताबाद केलं, राजधानी इकडं हलवली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्याच्या पाठोपाठ १३२९-३० मध्ये त्यानं दुसरा प्रयोग केला. चांदीच्या तनक्याच्या किमतीला चालेल असं पितळ-तांब्याचं नाणं काढलं. आज आपण या प्रकाराला वेडेपणा म्हणून हसतो, 'तुघलकी निर्णय' असा शब्दच आपल्या भाषेत बसलाय. पण जरा थांबा. कल्पना वेडी नव्हती. त्या काळात चांदीची टंचाई होती, सुलतानाच्या मोहिमांना पैसा लागत होता, आणि चीनमध्ये कुबलाई खानाच्या काळात चक्क कागदाचं चलन चाललेलं होतं. तुमच्या खिशातली ५०० ची नोट म्हणजे तरी काय? कागदच. त्यावर राज्याचं वचन आहे म्हणून ती ५०० ची.

तुघलकानंही वचनच दिलं होतं. हा तनका चलनात आहे असं नाण्यावर कोरलं होतं, आणि सुलतानाची आज्ञा पाळणं म्हणजे देवाची आज्ञा पाळणं, अशा अर्थाचा मजकूरही होता. ही नाणी अनेक टांकसाळीत पडली, त्यातली एक आपलं दौलताबाद. म्हणजे नाणं पितळेचं होतं आणि ते पितळेचं आहे हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. यात फसवणूक कुठंच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फसवणूक पुढं सुरू झाली. त्या नाण्यावर ओळखीची अशी कुठलीच गुप्त खूण नव्हती जी साध्या कारागिराला जमणार नाही. सरकारी टांकसाळीत जे हत्यार, तेच गल्लीतल्या सोनाराकडं. धातू स्वस्त, ठसा सोपा. झियाउद्दीन बरनी हा त्या काळाचा इतिहासकार लिहितो की घराघरात टांकसाळी निघाल्या. तो एकाच समाजाकडं बोट दाखवतो, त्याचा तो स्वभावच आहे. माझं मत विचाराल तर भट्टी ज्याच्याकडं होती त्यानं ती पेटवली असणार, जात-धर्म बघून नव्हे.

आता पुढची साखळी बघा. लोकांनी सारा या घरच्या नाण्यांत भरला. घोडे, शस्त्रं, उंची वस्तू या नाण्यांत घेतल्या आणि सोनं-चांदी मात्र घरात पुरून ठेवली. परदेशी व्यापारी इथला माल घेताना ही नाणी पुढं करायचे, पण स्वतःचा माल विकताना नाही म्हणायचे. बरनीच्या सांगण्यानुसार एका सोन्याच्या तनक्याला शंभर तांब्याचे तनके मोजावे लागू लागले. शेवटी त्या नाण्याला खड्याइतकीही किंमत उरली नाही.

इथं एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ज्याच्या हातात सरकारी टांकसाळीतलं अस्सल नाणं होतं, त्याचंही नाणं मेलं. त्यानं काहीच गुन्हा केला नव्हता. पण घेणाऱ्याला खरं-खोटं ओळखता येईना, म्हणून त्यानं दोन्ही एकाच भावानं धरली, म्हणजे खोट्याच्या भावानं.

दोन-तीन वर्षांत सुलतानानं हार मानली. ज्याच्याकडं ही नाणी असतील त्यानं खजिन्यात आणून द्यावी, बदल्यात सोनं-चांदी घ्यावी, असं फर्मान काढलं. लोकांनी गोण्या भरभरून आणली. त्यात घरच्या भट्टीतलीही होतीच. ओळखणार कोण? तुघलकाबादला त्या नाण्यांचे डोंगर पडून होते, असं बरनी सांगतो. म्हणजे ज्यानं नकली पाडली तोच शेवटी खऱ्या चांदीचा धनी झाला आणि भरपाई राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून झाली.

एक आगाऊ माहिती देतो. त्या काळात घरोघरी पाडलेली ती नकली नाणी आज नाणीसंग्राहक वेगळी ओळखून जमवतात. आणि गडाच्या पायथ्याला मला स्वतःला एका पोऱ्यानं 'तुघलकाचं नाणं' दोनशे रुपयांना देऊ केलं होतं. नव्यानं ओतलेलं, ॲसिडनं काळं केलेलं. म्हणजे नकलीचीही नक्कल. पन्नास रुपयांवर आला होता, घ्यायला हवं होतं या पोस्टसाठी.

नाणं पारखणं हे पुढं आपल्याकडं मोठं काम होऊन बसलं. पोतदार हे आडनाव त्यातूनच आलं. गावच्या साऱ्यात, खजिन्यात आलेलं नाणं खरं की खोटं हे बघणारा तो पोतदार. पारखी, पारख ही आडनावंही त्याच वळणाची. आपल्या शहरातही मोगलांच्या काळात टांकसाळ होती, नाण्यावर शहराचं नाव 'खुजिस्ता बुनियाद' असं यायचं. दख्खनमध्ये एकाच वेळी इतक्या प्रकारची नाणी फिरायची की सराफाला बट्टा दिल्याशिवाय व्यवहार व्हायचा नाही. हा बट्टा म्हणजे काय? अविश्वासाचा खर्च. तो प्रामाणिक माणसालाही भरावा लागायचा.

दुसरी गोष्ट ऐन शहरातली, हिमरूची.

राजे-रजवाडे वापरायचे ते किनखाब. सोन्या-चांदीच्या तारांचं जड कापड. सामान्य माणसाला ते परवडणं शक्यच नव्हतं. मग आपल्याकडच्या विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र करून, सोन्याशिवाय, तशाच नक्षीचं कापड काढलं. त्याचं नाव हिमरू. हा शब्द फारसी 'हम-रू'वरून आला असं सांगतात, अर्थ 'सारखा दिसणारा'. तुघलकाबरोबर दौलताबादला आलेल्या विणकरांनी ही कला इथं रुजवली, अशीही आख्यायिका आहे. आख्यायिकाच म्हणतो, कागद मी पाहिलेला नाही.

पण त्या नावाचा प्रामाणिकपणा बघा. कापडाच्या नावातच कबुली आहे: मी किनखाब नाही, किनखाबासारखा आहे. घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत, नेसणाऱ्याला-पांघरणाऱ्याला माहीत. म्हणून ती नक्कल असूनही शेकडो वर्षं इज्जतीनं जगली, स्वतःच एक अस्सल कला झाली. निजामाच्या काळात औरंगाबादचा हिमरू म्हणजे मान होता.

आणि आता? वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर, पर्यटकांच्या बसेस थांबतात त्या दुकानांत 'हिमरू शाल' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच यंत्रमागावरचं, बाहेरगावाहून गठ्ठ्यानं आलेलं असतं. तीनशे-चारशे रुपयांत. पर्यटक खूश, गाईड खूश, दुकानदार खूश. फक्त शहरात हातमागावर हिमरू विणणारे आज बोटावर मोजण्याइतके उरलेत. पर्यटक त्यांच्या दारात गेलाच, तर किंमत ऐकून म्हणतो, "अहो, बाहेर तर चारशेला मिळते." यावर त्या विणकरानं काय उत्तर द्यायचं? हिमरूचं मरण्याचं हे एकच कारण नाही, राजाश्रय गेला, कापडाची चाल बदलली, मुलं वाळूजच्या कंपन्यांत गेली. पण 'बाहेर चारशेला मिळते' हे वाक्य शेवटचा घाव घालतं.

आता पैठण.

आधी एक गैरसमज काढून टाकतो, आपलेच लोक चिडतील तरी. पैठणी दोन हजार वर्षांची आहे असं आपण भाषणात ठोकून देतो. पैठण दोन हजार वर्षांहून जुनं आहे यात वादच नाही, सातवाहनांची राजधानी होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचं नाव आहे. पण त्यात पैठणहून भडोचला गाड्या भरून जायचे ते मौल्यवान दगड, आणि कापडाचं नाव येतं ते तगरचं, म्हणजे आपल्या तेरचं. त्यामुळं आज जिला पैठणी म्हणतो ती नेमकी कधीपासून, हे छातीठोक सांगणं अवघड. पेशव्यांच्या काळात पैठणच्या कापडाला मागणी होती, निजामाच्या घराण्यात शौक होता, इतकं पक्कं. आणि तेवढं पुरेसं आहे. खऱ्या वस्तूला खोट्या वयाची गरज नसते.

पैठणीची खरी ओळख तिच्या विणीत आहे. काठ आणि पदरावरची नक्षी जाळं उचलून यंत्रानं येत नाही. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते, तिला तिल्ली म्हणतात. मोराच्या मानेचा निळा धागा जिथं संपतो तिथं तो शेजारच्या जरीच्या धाग्यात हातानं अडकवून मागं फिरवायचा. ओळीमागून ओळ, असं. त्यामुळं मागच्या बाजूला लोंबते धागे राहतच नाहीत, पदर पुढून जसा तसाच मागून. यंत्रमागाच्या जॅकार्डवर नक्षीचा धागा मागून आडवा लोंबत जातो किंवा कापलेला दिसतो. हल्ली काही ठिकाणी पदराच्या मागं जाळीचं अस्तर लावून तो झाकतातही. त्या विणकर ताईंनी फोटोत जे पाहिलं ते हेच.

(गंमत म्हणजे हिमरूच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतातच, ती त्याची पद्धतच आहे. एकाची ओळख ती दुसऱ्याची चोरी.)

जरीचंही तसंच. पूर्वी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. मग तांब्यावरची आली, तिला 'टेस्टेड' म्हणतात. मग प्लास्टिकच्या चमकत्या पट्टीची आली. प्रत्येक पायरीला वस्तू स्वस्त झाली, ते ठीकच. पण तिन्हींना बाजारात नाव एकच, जर.

विसाव्या शतकात पैठणमधले माग जवळजवळ थांबले होते. सत्तरच्या दशकात राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळानं पैठणला केंद्र काढलं, नवी मुलं-मुली शिकल्या, म्हणून आज पैठणच्या नावाला पैठणमध्ये माग आहे. तिकडं नाशिक जिल्ह्यात येवल्यानं ही कला मोठ्या प्रमाणावर धरून ठेवली, ते श्रेय येवल्याचंच. पुढं टीव्हीवर 'होम मिनिस्टर' आलं, २००४ पासून रोज संध्याकाळी घराघरात मानाची पैठणी मिळू लागली. प्रत्येक बाईला वाटलं, आपल्या कपाटात एक हवी. मागणी शंभर पटीनं वाढली म्हणा, हातमाग तर शंभर पटीनं वाढणार नव्हते. मधली जागा यंत्रमागानं भरली. 'सेमी पैठणी' म्हणून.

मी सेमी पैठणीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. माझ्या बायकोकडं तीन आहेत. दीड-दोन हजारात छान दिसते, धुता येते, हौस भागते. शेतमजूर बाईनं लेकीच्या लग्नात काठपदर नेसायचंच नाही का? जी साडी 'सेमी' म्हणून विकली जाते ती हिमरूच्या जातीची, नावात कबुली आहे. भांडण आहे ते 'सेमी' हा शब्द दुकानाच्या काउंटरवर गळून पडतो तेव्हा. चार हजाराच्या साडीला चौदा हजार लावण्यासाठी एकच शब्द गाळायचा असतो.

आता हिशोब करू. भरगच्च पदर आणि अंगभर बुट्टी असलेली साडी हातानं विणायला काही महिने जातात. दोन महिनेच धरा आणि मजुरी दिवसाला चारशेच धरा, बांधकामावरच्या मजुरीपेक्षाही कमी. पन्नास दिवसांचे वीस हजार झाले. रेशीम वेगळं, जर वेगळी, दुकानदाराचा नफा वेगळा. मी ती १४ हजारात मागत होतो आणि घासाघीस करत होतो! फसवणाऱ्याचा दोष आहेच, पण माझ्या हावेनंही दार उघडलं होतं. आणि माझे ते १४ हजार पैठणच्या कुठल्या मागावर जायला हवे होते, ते गेले नाहीत. ताईंना मी विचारलं, नकलीमुळं तुमचं नेमकं काय जातं? त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक येतं, साडी उलटी करतं, सुलटी करतं, वास घेतं, आणि तरी आमच्यावर विश्वास ठेवत नाही. खरं आहे हे शपथेवर सांगावं लागतं आम्हाला." दौलताबादच्या अस्सल नाण्यासारखंच झालं हे.

कायदे नाहीत असं नाही. १९८५ च्या कायद्यानं साडीसह काही वाण, ठरावीक प्रकारात, फक्त हातमागासाठी राखून ठेवलेत. यंत्रमागवाले कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये कायदा वैध ठरवला. पैठणीला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला आपण जीआय म्हणतो. जीआयचं खोटं नाव लावून माल विकला तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, असं त्या कायद्यात आहे. आपल्या जिल्ह्यात या कलमाखाली कुणाला शिक्षा झाल्याची बातमी मी माझ्या वीस वर्षांत लिहिलेली नाही. तुमच्या वाचण्यात असेल तर खाली सांगा, मनापासून आनंद होईल.

कापडावर हा विषय थांबला असता तर मी एवढी मोठी पोस्ट लिहिली नसती. साडीनं फार तर लग्नात मान जातो. २०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही. तालुक्या-तालुक्यातून तक्रारी, दुबार पेरणी, बातम्यांवर बातम्या. त्या बातम्या वाचून आपल्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. सगळंच बियाणं बनावट होतं असं नाही, त्यात निकृष्टही होतं. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं फरक काय? पिशवीवर लिहिलेलं एक, आत निघालं दुसरं. साडी परत करता येते, मृग नक्षत्र परत येत नाही.

आणि आता शिक्षेचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. शंभराची खोटी नोट छापली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ नुसार जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड किती? ५०० रुपये. पुन्हा पकडला तर सहा महिने कैद किंवा १००० रुपये किंवा दोन्ही. पाच एकर बुडालेल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगून बघा. इतर कायदे लावता येतात, फसवणुकीचं कलम आहे, हे मलाही माहीत आहे. तरी राज्याला आपल्या नावाची नक्कल किती लागते आणि शेतकऱ्याची किती, हे या दोन आकड्यांत दिसतं. तुघलकाला अनुभव आला म्हणून सरकारांनी नोटेवर तार घातली, पाण्याचा छाप घातला. बियाण्याच्या पिशवीची वेळ अजून यायची आहे.

बऱ्याच जणी इनबॉक्समध्ये विचारतील म्हणून साडीचं सांगून टाकतो. 'सिल्क मार्क' लटकवलेला असेल तर त्याचा अर्थ रेशीम शुद्ध आहे, इतकाच. यंत्रमागावरच्या रेशमी साडीलाही तो मिळतो. माझ्या साडीलाही होता, त्यावरच मी भुललो. हातमागासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा असतो. पदर उलटून बघा, अस्तर लावलेलं असेल तर का लावलंय ते विचारा. दुकानदार हो म्हणाला तर काठाच्या टोकाचा एक धागा जाळून बघा, रेशीम केस जळाल्यासारखं वास मारतं आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून गोळी होते. सगळ्यात महत्त्वाचं, बिलावर 'हातमागावर विणलेली रेशमी पैठणी' असं लिहून मागा. हे मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बघा, निम्मी परीक्षा तिथंच होते. लिहिलेलं असेल आणि खोटं निघालं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि पैठण शहरापासून सव्वा तासावर आहे हो. नाथांचं दर्शन घ्या, मागावर जा, जी विणतेय तिच्यासमोर बसून घ्या.

माझं म्हणाल तर मी गेलो होतो त्या दुकानात. बिल दाखवलं. मालक अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, यावर कुठं पैठणी लिहिलंय?" पुन्हा चहा मागवला. मी प्यायलो नाही.

राहिला प्रश्न भाचीचा. ही पोस्ट ती वाचणार, माझी सगळ्यात पहिली लाइक तिचीच असते. इथं कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं म्हणून काल रात्री फोन केला. खूप फाटे फोडत शेवटी म्हणालो, बाळा, ती लग्नातली पैठणी आहे ना, ती खरी नव्हती गं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, मला माहितेय. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी सगळ्यांसमोर पदर उलटून बघितला होता. मी म्हटलं, माझ्या मामानं सांगूनच सेमी घेतलीय, मीच म्हणाले होते जास्त खर्च करू नको म्हणून."